हिवरापतुर

आटपाडीत एसटी स्टँडसमोर माझा स्टुडिओ आहे.
निळा पडदा, एक स्टूल, दोरीला बांधलेला कंगवा.
हनुवटी वर, म्हणतो. खांदे सैल. हसायचं नाही.
दिवसाला दहा-बारा चेहरे होतात,
बाकी झेरॉक्सवर भागतं.

आणि दर उन्हाळ्यात तहसील कचेरीतून शिपाई येतो,
चला, तलावाचे फोटो काढायचेत.
एकवीस वर्षं मी त्याच भेगा काढतोय.
शेजारी काडेपेटी ठेवायची, रुंदी कळावी म्हणून.
आधी रोल होता, मग कार्ड आलं,
काडेपेटीवरचं चित्र बदललं,
भेग तीच.
आता ती मला ओळखते,
न सांगता स्थिर राहते.

यंदा पाऊस जायचं विसरला.
कार्तिक उलटला तरी दुपारची एखादी सर
विरजण मागायला आलेल्या शेजारणीसारखी
दारात उभी.
मांडव भिजले, लग्नाच्या दोन ऑर्डरी गेल्या.
तेव्हा बॅग उचलली आणि झऱ्याच्या माळावर गेलो,
कुणी बोलावलं नसताना,
पहिल्यांदाच.

काय सांगू.
जिथं उभं राहून मी दरसाल
काहीच नसल्याचे फोटो काढतो,
तिथं पाय ठेवायला जागा नव्हती.
कुर्डूचे तुरे गुडघ्याएवढे,
टोकाला गुलाबी, खाली पांढरे होत गेलेले.
तरवड असा पिवळा की मीटर दर वेळी चुकायचा.
आणि सराटा!
सायकल पंक्चर करणारा, टाचेत मोडणारा,
त्या सराट्यालाही फूल, हळदीच्या बोटाएवढं.
मी जन्मभर त्याचा काटाच काढत आलो.

विष्णुक्रांता निळी, शर्टाच्या गुंडीएवढी.
तिच्यासाठी पोटावर पालथा झालो.
सवयीनं म्हणालो, हनुवटी वर.
वारा थांबेना. अकरा. साडेअकरा.
ती मिटायला लागली, घाई न करता,
जेवणाच्या सुट्टीत खिडकी लावून घेणाऱ्या कारकुनासारखी.

मागून घुंगरं, मग काठी.
"भोवळ आली का काय रं?"
कोंडाबाई सरगर, हे नाव नंतर कळलं.
दीडशे मेंढरं, एक घोडी, घोडीवर बांधलेल्या कोंबड्या.
खालच्या मुलखात जायचं यंदा लांबलंय, म्हणाली,
हितंच खायाला हाय तर कशाला जावा.
काय काढतोयस?
दाखवलं मागच्या काचेवर.
तिनं कॅमेरा हातभर लांब धरला, डोळे बारीक केले.
"ह्याला मेंढी तोंड लावत न्हाई.
उगं फिलीम वाया. ते काढ."

तिचं बोट नुसत्या गवताकडं.
पवन्या, कुसळ, आणखी काय काय,
फुलामागं जे मी मुद्दाम धूसर करतो, ते.
"समदं येऊ दे. त्या हिवरापतुर.
चैतात मेंढरास्नी दाखवीन.
म्हणीन, बगा, हुतं."

ती हसली नाही.
म्हणून मीही नाही.

पाच बाय सातची प्रत काढली, लॅमिनेशन केलं,
पाकिटावर नाव घातलं, बाकी शून्य.
पंधरा दिवसांनी गेलो तर माळावर
तीन दगड, राख, वाळत्या लेंड्या.
कुसळ पांढरं पडत चाललेलं.
ते पाकीट आता
न नेलेल्या पासपोर्ट फोटोंच्या डब्यात असतं.

गिऱ्हाईक नसलं की काढून बघतो.
सगळं हिरवं, हिवरापर्यंत.
डाव्या कोपऱ्यात काठीचं टोक आलंय,
आणि त्याच्या बुडाशी एक ठिपका, निळाच बहुतेक,
मिटलेला,
जो मी काढलाच नव्हता.

आज सकाळी शिपाई आला.
चैत्र लागलाय. काडेपेटी आहे ना, विचारलं त्यानं.
काडेपेटी घेतली.
मग परत आत जाऊन ते पाकीटही.
भेगेला दाखवीन.